वटवाघळाच्या व्हायरसला नाव कुणाचं?

लग्नात कुणी “काय करता?” असं विचारलं आणि मी “वटवाघळांच्या लेंड्यांतून नवे व्हायरस शोधतो” म्हणालो, की शेजारची खुर्ची रिकामी होते. बसून ऐकणारे कमी, म्हणून तर किस्से एवढे साठलेत!

आमची नाशिकची लॅब छोटीशी. मी टेक्निशियन, सानिका पीएचडी करणारी आणि आमचे सर. नांदगावकडच्या एका गावात चिंचेवर वटवाघळं लटकतात. सानिका खाली प्लॅस्टिक अंथरून लेंड्या गोळा करते आणि सिक्वेन्सिंग मशीनवर त्यातली जनुकं वाचते. छापल्या जाणाऱ्या शोधनिबंधावर, म्हणजे पेपरवर, पहिलं नाव आणि मुख्य श्रेय मात्र सरांचं! नवा व्हायरस सापडला तरी असंच होणार, याची तिला कायम धास्ती.

*

एकदा पंचवटीत रिक्षावाल्यानं तिचा बर्फाचा डबा पाहिला. “मॅडम, नॉनव्हेज असेल तर देवळाकडून नेणार नाही हां!”

“नाही हो, वटवाघळाच्या लेंड्या आहेत.”

“मग बसा की!”

*

चिंचेखाली प्लॅस्टिक बघून एक मावशी थांबल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही शहरवाल्यांनी आजवर आमची मतं नेली. आता वटवाघळाच्या लेंड्याबी सोडत नाय का तुम्ही?”

*

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं यथासांग! मशीनच्या पुढच्याच फेरीत वटवाघळात कधीच न सापडलेला व्हायरस! सरांनी लगेच पत्रकारांना फोन लावले.

सानिकानं नीट तपासलं, तर तो झेंडूच्या रोपांवरचा निघाला. “सर, माळेतून आलाय.”

सरांनी फोनवर हात ठेवला. मग म्हणाले, “वटवाघळं झेंडू खातात, असं सांगू या!”

*

शेवटी खरोखरच नवा व्हायरस मिळाला. पुन्हा पुन्हा तपासला, नवाच! सानिका आनंदानं रडलीच. सरांनी पेपरचा मसुदा उघडला आणि पहिलं नाव स्वतःचं टाकलं. मला असला राग आला!

आता व्हायरसला बऱ्याचदा गावाचं नाव देतात. हे चिंचेच्या त्या गावात कळलं आणि सरपंच माणसं घेऊन लॅबमध्ये हजर. “साहेब, आमच्या गावाचं नाव नका देऊ. पोरांना मुली कोण देईल?”

“बरोबर आहे, अण्णा,” सानिका शांतपणे म्हणाली. “मग शोधणाऱ्याचं देऊ. पहिलं नाव सरांचंच आहे.”

“लय भारी!” सरपंच खूश. “साहेबांच्या आडनावाचा व्हायरस! वेशीवर फोटोसकट बॅनर लावतो!”

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या मुलासाठी स्थळं पाहणं चालू होतं.

“अहो, छे छे! मी त्या चिंचेखाली पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. सगळं काम हिचं आहे, सगळं!”

सानिकानं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “सर, हेच जरा मेलवर लिहून द्याल?”