फौजेतून आलेला जाड लिफाफा

आमच्या गल्लीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. मुलगी म्हणून पहिली आणि माणूस म्हणूनही पहिलीच, कारण माझ्याआधी कुणा मुलानंही मॅट्रिकच्या पुढे पाय टाकला नव्हता. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणणार नाही. मिरवतेच. वडील खड्ड्याच्या मागावर बसून लुगडी विणायचे, आई कांड्यांवर सूत भरायची आणि मागाच्या त्या खटखटीत मी बी.ए.चा अभ्यास केला. सत्तावन साली मी नागपुरातल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत शिकवत होते. गल्लीत येणारं एकूणएक पत्र वाचायला माझ्याकडे यायचं. सोयरिकीची पत्रं, सुताच्या व्यापाऱ्याची पत्रं, मयताची पत्रं. उत्तरंही मीच लिहायची.

त्या वर्षीच्या निवडणुकीत बायकांच्या बूथवर कामाला शिक्षिका हव्या होत्या. माझं नाव लागलं. मग काय, मी गल्लीत घरोघर फिरले. मत द्या म्हणून सांगितलं. कुणाला द्या ते नाही, फक्त द्या. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि मग आमच्या शेजारच्या काकाजींकडे बघायचे. काकाजी म्हणजे गल्लीतले जुने विणकर. त्यांच्या शब्दाला वजन होतं. बावन साली ते मत द्यायला गेलेच नव्हते.

"बाई, तू शिकलेली हाय," ते मागावरून न उठता म्हणाले, "तं मले सांग. प्रत्येक उमेदवाराची पेटी अलग. कागदावर ना नाव ना खूण. मंग या पेटीतले कागद काढून त्या पेटीत टाकाले किती टाइम लागते?"

"पेटीला सील असतं, काकाजी."

"सील कोनाचं? सरकारचं. अन् कुलूप?"

"सरकारचं."

"मंग झालं ना वं!"

बसलेले सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, "मी स्वतः तिथं बसणार आहे. बायांच्या बोटाला माझ्या हातानं शाई लावणार आहे. चोरी झाली तर माझं नाव घ्या."

काकाजींनी धोटा थांबवला. "तुह्या नावानं जातो मंग," म्हणाले. आणि खरंच गेले. त्यांच्यामागून अख्खी गल्ली गेली.

काकाजींचा धाकटा मुलगा फौजेत होता, वर कुठंतरी डोंगरात. मला तो ताई म्हणायचा. त्याला मी आधीच कळवलं होतं की शिपायालाही टपालानं मत देता येतं, तुमच्या साहेबाला विचार. शेवटी एक ओळ लिहिली होती, 'काळजी करू नकोस, इथे मी आहे.' ती ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. त्याच ओळीनं सगळा घोळ केला.

मतदान झालं. त्यानंतर काही दिवसांनी मतमोजणी होती. मोजणीच्या दिवशी शाळेला सुटी होती. सकाळी नऊच्या सुमारास पोस्टमन गल्लीत आला आणि काकाजींच्या हातात एक कार्ड देऊन गेला. काकाजींनी मला हाक मारली. ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती, काकाजींच्या घरच्या काकू दारात सूप घेऊन उभ्या होत्या. मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. खुशाली झाली, थंडी झाली, आणि मग हे आलं: 'मताचा लिफाफा मी ताईसाठी घरच्या पत्त्यावर धाडला आहे. पोस्टाचा भरवसा वाटत नाही. ताईनं तो स्वतः साहेबाच्या हातात द्यावा. मोजणीच्या आत पोचला पाहिजे. दिला का ते कळवावे.'

मी काकाजींकडे पाहिलं. "कुठला लिफाफा?"

"कोनता लिफाफा?" काकाजी मलाच विचारू लागले. "आमच्या घरी तं नाई आला."

ओट्यावर एकदम सगळे बोलायला लागले.

"खाल्ला!"

"फौजी मानसाचं मत खाल्लं गा! मंग आपलं कोन सोडते?"

"अन् बाई म्हने सील असते!"

मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी मला आतून हाक मारली. "बाई, जराशी अंदर ये वं."

आत मागाच्या पलीकडे कांड्यांची टोपली होती. काकूंनी वरच्या कांड्या बाजूला केल्या, हात तळापर्यंत घातला आणि एक खाकी लिफाफा काढून माझ्या हातात दिला. जाड होता. आत दुसरा लिफाफा आहे हे हाताला कळत होतं. वर फौजेचा शिक्का, पत्ता इंग्रजीत, कुणा कारकुनाच्या वळणदार अक्षरात. फोडलेला नव्हता.

"काकू! हा कधी आला?"

"आठ दिवस झाले असंन."

"आठ दिवस? आणि मला दिला नाही? काहून?"

काकू माझ्याकडे बघेनात. "त्याचं अक्षर म्या ओळखतो ना वं. मुंग्या चालल्यावानी. हे त्याचं नोय. अन् तो नेहमी कारडच टाकते. असा जाड कागद तिकडल्या गल्लीत आल्ता, दोन सालाआधी. तूच वाचला होता. तू वाचला अन् त्या बाईनं..."

मला सगळं आठवलं. त्या घरचा पोरगा फौजी ट्रकसोबत दरीत गेला होता. लिफाफा इंग्रजीत होता. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि अर्थ सांगितला. परीक्षेतल्या उताऱ्याचा सांगावा तसा, स्वच्छ. काकू त्या दिवशी त्या गर्दीत होत्या, हे मला माहीतच नव्हतं.

"म्हनलं, जोपर्यंत तू वाचत नाई, तोपर्यंत तो हाय," काकू म्हणाल्या.

आठ दिवस ही बाई पोरगा मेला असं समजून भाकऱ्या थापत होती. कांड्या भरत होती. काल माझ्या आईशी मिरच्या वाळवण्यावरून भांडली होती. आणि तिला भीती कशाची, तर माझ्या वाचण्याची.

"काकू, तो ठणठणीत आहे. आत्ता कार्ड वाचलं ना."

"हाव, आयकलं म्या." त्यांनी पदरानं तोंड दाबलं. मग म्हणाल्या, "तुह्या काकाजीले नोको सांगजो. म्या दाबून ठेवला म्हून. पोट्ट्याचं मत माह्यानं गेलं असं होइन."

"अजून गेलं नाही," मी म्हटलं. मोजणी दिवसभर चालते, एवढं मला ठाऊक होतं. वरचा लिफाफा फोडला. आत सरकारी छापाचा बंद लिफाफा होता, निवडणूक अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता छापलेला. तो पिशवीत घातला, सायकल काढली आणि मागच्या बोळातून निघाले.

कचेरीच्या फाटकावर पोलीस होता. निवडणुकीच्या कामाची चिठ्ठी दाखवली, त्यानं आत सोडलं. अधिकारी व्हरांड्यातच भेटले. वयस्कर गृहस्थ, डोळे रात्रभर जागल्यासारखे. मी घडलं ते सगळं सांगितलं, काकूंचंसुद्धा. त्यांनी मधे तोडलं नाही. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, लिफाफ्यावर वेळ लिहिली, सही केली आणि बाजूच्या टेबलावरच्या मोठ्या पाकिटात टाकला. तिथं तसेच आणखी लिफाफे होते, त्यांच्यावर फौजेचे शिक्के.

"हे मोजणीत जातील ना?" मी विचारलं.

"नाही बाई. मोजणी आठला सुरू झाली. त्यानंतर आलेलं पाकीट फोडायचं नाही, असा नियम आहे. हे असेच सील होऊन राहतील."

"हे सगळे?"

"सगळे. आजच्या टपालानं आले. गाडी चुकली असेल, रस्ता बंद असेल. कोण जाणे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "पण साहेब, मत तर आधीच दिलेलं आहे! शिपायाचं आहे! मोजायला एक मिनिट लागेल."

"दुपारपर्यंत कोण पुढे आहे ते गावाला कळेल," ते म्हणाले. "त्यानंतर कुणीही असं पाकीट घेऊन आलं आणि मी फोडलं, तर तुम्हीच उद्या काय म्हणाल? शिवाय हे टपालानं आलेलं नाही. तुम्ही पिशवीतून आणलंत."

त्यांनी मला चोर म्हटलं नाही. पण माझ्यासारखी पिशवीतून मत आणणारी बाई चोर असू शकते, हे गृहीत धरूनच तो नियम केलेला होता. आणि नियम बरोबर होता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. काकाजींनी मागावर बसून जी शंका काढली होती, तिच्यावरचा उपायच माझ्यासमोर चालला होता, आणि त्यात आमच्याच पोराचं मत बंद होत होतं. मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

परत आले तेव्हा गल्ली ओट्यावर माझी वाट बघत बसलेली. माझी सायकल दिसली नाही म्हणून त्यांनी ओळखलं होतं की मी कचेरीत गेले. काकाजींनी विचारलं, "काय म्हने सरकार?"

काकू दारातच होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"टपालात उशीर झाला," मी म्हटलं. "लिफाफा उशिरा पोचला. आता मोजणार नाहीत."

एवढंच. तीन वाक्यं. त्यातलं पहिलं खोटं, पुढची दोन खरी. मला धक्का बसला तो ते किती पटकन रुजलं याचा. महिनाभर मी घरोघर फिरून जे सांगितलं होतं ते लोकांनी जड मनानं, माझ्या भिडेखातर मानलं होतं. हे मात्र कुणी उलटून विचारलंसुद्धा नाही. जणू ते माझ्या तोंडून हेच ऐकायला थांबले होते. संध्याकाळी गल्लीचा उमेदवार पडल्याची खबर आली. चांगल्या भरपूर मतांनी पडला, एका लिफाफ्यानं त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. पण रात्र पडायच्या आत गल्लीत ठरून गेलं होतं की फौजेतल्या पोरांची मतं पोस्टानं दाबली म्हणूनच आपला माणूस पडला.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन शाळेत आला. पिशवी खांद्याला, टोपी हातात. वर्षानुवर्षं आमच्या गल्लीत टपाल वाटणारा माणूस.

"बाई, तुमच्या गल्लीत मला आज दारात उभं राहू दिलं नाही," तो म्हणाला. "पोरं मागं लागली, मतचोर म्हणून. तो लिफाफा मी काकूंच्या हातात दिला होता. त्यांनी तो घाईनं पदराखाली घेतला, म्हणून माझ्या ध्यानात आहे. बाईमाणसाची गोष्ट, मी चारचौघांत बोलणार नाही. पण तुम्ही शिकलेल्या आहात. मी खाल्ला नाही एवढं तरी सांगा."

तो मला रागावला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. माझं नाव घ्या, असं छातीठोकपणे म्हटलेली मी, आणि लोकांनी नाव घेतलं होतं त्याचं.

शाळा सुटल्यावर तडक काकाजींकडे गेले. ते मागावर होते, काकू बाजूला कांड्या भरत होत्या. मी म्हटलं, "काकू, मला आता सांगावं लागेल." त्यांनी सुताचा रहाट थांबवला, नाही म्हणाल्या नाहीत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, माझ्या खोट्यासकट.

काकाजी आता भडकतील असं मला वाटलं. ते मागाच्या खड्ड्यातून वर आले आणि काकूंसमोर जमिनीवरच बसले.

"तुले वाटलं आपला पोट्टा गेला?"

काकूंनी मान हलवली.

"अन् आठ दिवस तू माह्या ताटात वाढून राहिली? एकटीच?"

"तुमाले काय सांगू? तुमी मागावरून उठले नसते मंग."

मताचा विषय त्यांच्या डोक्यातून पार गेला होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्या सायबानं फोडलाच नाई?"

"नाही."

"आपल्या उमेदवाराचं असंन, हे मालूम पडलं म्हून?"

"त्यांना काय माहीत कुणाचं ते? बंदच होता."

"हूं," म्हणाले. पायात वहाणा सरकवून ओट्यावर गेले आणि माणसं गोळा केली. सगळ्यांसमोर सांगितलं, लिफाफा माझ्या घरात होता. पोस्टमननं बरोबर दिला होता. आमच्याच हातून उशीर झाला. काकूंचं नाव घेतलं नाही, 'आमच्या' म्हणाले. मी शेजारी उभी होते. म्हटलं, मी त्या दिवशी खोटं बोलले.

एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

"काकाजी, कचेरीवाले येऊन गेले का तुमच्याकडं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कोनी नाई आलं! म्या सांगून राहिलो ना, माह्या घरात होता!"

"पोट्टा फौजेत हाय. त्याची नौकरी हाय. आमी समजतो जी."

काकाजी ओरडले, हातवारे केले, शेवटी शिव्या दिल्या. जितके ओरडले तितके लोक अधिक समजुतीनं मान डोलवू लागले. मी काकूंना पुढे ओढावं का, असा विचार मनात येऊन गेला, नाही ओढलं. पोस्टमनला दारात उभं राहू देऊ लागले, तेवढं झालं. पण मत खाल्लं ते खाल्लंच. सरकारनं खाल्लं आणि आता काकाजींचं तोंड बंद केलं, असं ठरलं. दोन दिवसांपूर्वी मी एका दमात बोललेलं खोटं माझ्याच समोर उभं होतं, आणि ते मला मोडता येत नव्हतं.

माणसं पांगली. आमच्या पलीकडच्या घरची म्हातारी तेवढी ओट्यावर राहिली. मतदानाच्या दिवशी माझा हात धरून बूथपर्यंत चालत आलेली. मी तिच्याजवळ बसले.

"आजी, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा. मी खरं सांगते आहे."

"हाव वं," तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुही नौकरी सरकारची. तुले असं बोलाच लागते. आमी तुले काही म्हनतो का?"

असं म्हणून तिनं बटव्यातून सुपारी काढली, कातरली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.