माझा साखर उतारा

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तेहतीस वर्षं उसाची साखर मोजली. शंभर किलो उसातून किती साखर निघाली, याला आमच्याकडे उतारा म्हणतात. उतारा चढला की साहेब खूश, सभासद खूश, आणि त्या आनंदात गरम साखरेचा चमचा तोंडात टाकणारा मी सगळ्यांत खूश. चाखल्याशिवाय नमुना कळतो थोडाच! निवृत्त झालो तेव्हा उसाचा उतारा जेमतेम होता. माझ्या रक्तातला मात्र जिल्ह्यात पहिला आला असता.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, ते चपलेपर्यंत. श्रीरामपूरच्या बाजारातून भाजी घेऊन एकदा चालत घरी आलो. बायको दारातच थबकली.

"दुसरी चप्पल कुठं हाय?"

खाली बघतो तर डावा पाय अनवाणी. अंगठ्यात खडा रुतून रक्त आलेलं. आणि मला पत्ता नाही! "असेल वाटेत कुठंतरी," म्हणालो. ती हसली नाही. ती मिरजगावची. चिडली की तिचा आवाज गल्लीभर जातो, घाबरली की गप्प होते. त्या दिवशी ती गप्प झाली.

डॉक्टरांनी तळपाय तपासला आणि म्हणाले, "काका, आता गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. पाय वाचवायचा तर साखर खाली आणावी लागेल. इन्शुलिनची सुई घ्या."

आता सुईचं सांगतो. कारखान्यातल्या रक्तदान शिबिरात दुसऱ्याच्या दंडात सुई जाताना बघून मी आडवा झालो होतो. दात्यांची बिस्किटं मलाच खाऊ घालावी लागली. रक्त तपासायला देतानाही मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तो मी रोज स्वतःला टोचणार? माझा चेहरा बघून डॉक्टरांना दया आली असावी. नगरच्या एका दवाखान्यात नवीन गोळीची चाचणी चाललीय, म्हणाले. वजन आणि साखर दोन्हींसाठी. अजून बाजारात आलेली नाही.

नगरच्या डॉक्टरांनी मला ती गोळी समजावली. आपण जेवलो की आतडी निरोप धाडतात, बास झालं म्हणून. तो निरोप घ्यायला मेंदूत, स्वादुपिंडात आणि आणखी कुठंकुठं दारं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ही गोळी त्यातली एकाहून जास्त दारं एकाच वेळी ठोठावते. असले निरोप एरवी सुईनेच द्यावे लागतात, कारण पोट ते वाटेतच पचवून टाकतं. ही म्हणे पोटातून सहीसलामत निघते. मी जन्मभर काचेच्या नळ्या हाताळलेला माणूस, पण तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. माझ्या पोटातून आजवर काहीही सहीसलामत निघालेलं नव्हतं.

एक गोम होती. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. सगळं पाकिटात बंद.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हंजी तुमचा उंदीर करनार?"

"उंदरांवर झालंय सगळं. आता माणसांवर."

"मग तुमाला कशात धरलं त्यांनी?"

चाचणीत शिरण्याआधी एक परीक्षा होती. सकाळची साखर ठरावीक हद्दीच्या वर गेली तर घेत नाहीत. तिथल्या मॅडम दक्षिणेकडच्या, मराठी नुकतंच शिकलेल्या. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "काका, उद्या उपवास करून यायचं हां. नक्की!"

मी नक्की केला. पहाटे अंघोळ, देवपूजा. मग साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचे दोन लाडू. बायकोलाही ते चुकीचं वाटलं नाही. उपवास म्हटल्यावर तिनंच साबुदाणा भिजत घातला होता. पहिल्या गाडीने दोघं नगरला पोचलो. रक्त दिलं. तासाभराने मॅडम कागद घेऊन आल्या, चेहरा उतरलेला.

"काका, काही खाल्लं होतं?"

"छे! कडक उपवास आहे."

"आकडा फार वर आहे. घेता येणार नाही तुम्हाला."

डोळ्यांसमोर सुई, तिच्यामागे तो अंगठा. मी पुन्हा म्हणालो, "अहो, कालच्या जेवणानंतर अन्नाचा कण पोटात नाही!" आणि ते मी अगदी मनापासून म्हणत होतो, हे महत्त्वाचं.

बायकोने मला कोपर मारलं. "अवो, खिचडीचं सांगा की त्यास्नी."

"ते काय खाणं आहे का? ते उपवासाचं!"

मॅडमना साबुदाणा समजवायला दहा मिनिटं गेली. मग त्या इतक्या हसल्या की डॉक्टर बाहेर आले. त्यांनी कागद फाईलला लावला, त्यावर लाल शाईने 'खिचडी' असं लिहिलं आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. त्या वेळी मी खरोखर उपाशी गेलो. आकडा हद्दीत बसला, अगदी काठावर.

तेव्हाच पायांची परीक्षा झाली. डोळे मिटायचे, डॉक्टर तळव्याला बारीक दोरा टेकवणार, कळलं की "हो" म्हणायचं. नापास व्हायची भीती, म्हणून मी ठेक्यात हो, हो, हो म्हणत सुटलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, दोरा मी केव्हाच खिशात ठेवलाय."

गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस मळमळलं, बाकी विशेष नाही. मग मिरजगावला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा आला. त्या घरात जिलेबीच्या बाबतीत माझं नाव आहे. 'नको नको' म्हणताना मी ताटावर हात आडवा धरतो, पण बोटं फाकवून, हे वाढप्यांनाही पाठ आहे. मेहुणा स्वतः परात घेऊन आला. मी हात आडवा धरला. बोटं जुळलेली होती.

"दाजी, रुसलात व्हय?"

"नाही रे. नको वाटतंय."

"दाजीला जिलेबी नको वाटतीया!" तो पंगतभर ओरडला. "बघा रं कुनीतरी, ताप बिप आलाय का!"

मी मात्र जागच्या जागी थिजलो होतो. हंगाम संपला, उसाची शेवटची मोळी गेली की कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं. पाच-सहा महिने रात्रंदिवस चाललेली घरघर थांबते, आणि तेव्हा कळतं की इतके दिवस एवढा आवाज होता. तसंच झालं. डोक्यात जन्मभर काहीतरी फिरत होतं. आता काय खाऊ, मग काय खाऊ. भूक म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो. आणि ती शेंगदाण्याएवढ्या गोळीने बंद होते? बायको पंगतीपलीकडून माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेहुण्याला वाटलं, भाचीच्या साखरपुड्याचं आहे.

सहा महिन्यांनी नगरला कागद हातात पडला. साखर उतरली होती. "सुई तूर्त नको," डॉक्टर म्हणाले. पाकीट अजून बंदच आहे. खरी गोळी असेल तर ती बनवणाऱ्यांचे पाय धरावेसे वाटतात. आणि खोटी असेल? मग ती शांतता माझ्यात कुठून आली? या दुसऱ्या शक्यतेने तर मला जास्तच गरगरतं.

पुन्हा दोऱ्याची परीक्षा झाली. या वेळी मी खरं बोललो. टाचेला हो, चवड्याला हो. मग बराच वेळ काहीच नाही.

"आता कुठे होता दोरा?" मी विचारलं.

"अंगठ्यावर. तिथली जाणीव परत येईल असं मी म्हणणार नाही, काका. पण बाकीचा पाय होता तिथेच आहे. आता रोज पाय बघायचे."

रोज बघायची सोय घरीच आहे. संध्याकाळी बाजारातून आलो. बायको दारात उभी होती. हल्ली ती तोंडाकडे नाही, आधी खाली बघते.

"दोनी हायेत," ती म्हणाली, आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला.