उजवा कान

हिंदुराव पेंटर गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणण्याआधी विचारायचे, "गेलं कोण?" गंगावेशीतल्या त्यांच्या खोलीत भिंतभर गेलेलीच माणसं होती. लग्नाच्या फोटोतल्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून ते हातभर तैलचित्र करायचे.

आमचे अण्णा तिथं गेले ते स्वतःच्या चित्रासाठी. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या पंचाहत्तरीला विद्यार्थ्यांनी सत्कार समिती नेमली होती. समिती म्हटली की तैलचित्र आलं, आणि अनावरणाला पुढारी आला.

"गेलं कोण?"

"जायचाय तो मीच," अण्णा म्हणाले. "पण अजून सवड आहे."

हिंदुराव हसले नाहीत. "गुरुजी, जित्या माणसाचं मी काढत न्हाय. एकदाच काढलं, बायकोचं. शेवटचा हात फिरवला आनि आठ दिसांत गेली."

"कशानं?"

"तापानं."

"मग त्यात चित्राचा काय दोष?"

"दोष कुनाचा ते तुमी ठरवा. गेली का न्हाय?"

अंधश्रद्धेवर वर्गात इतकं बोलून झाल्यावर अण्णांना माघार घेता येईना. ते रोज सकाळी जाऊन बसू लागले, सोबत मी. पंधरा दिवसांत चेहरा कॅनव्हासवर उतरला, इतका हुबेहूब की मला त्याच्याकडे फार वेळ बघवेना. उरला उजवा कान. तिथं हिंदुराव रोज रंग लावायचे आणि उठताना फडक्यानं पुसून टाकायचे.

"कान कुठं पळून चाललाय का, हिंदुराव?"

"ऱ्हाऊ दे की, गुरुजी. च्या घ्या."

सत्काराच्या दिवशी मखमली पडद्याआड नुसतीच चौकट होती. पुढाऱ्यांनी तिच्यासमोर चित्रकलेवर अर्धा तास भाषण केलं आणि पडदा न सारताच ते पुढच्या कार्यक्रमाला गेले.

अण्णा मात्र दोन वर्षं तिथं जात राहिले. एक जण पुस्तकातली माणसं सांगायचा, दुसरा भिंतीवरची. "ह्यो बघा, कसा गोड हसतोय," हिंदुराव म्हणायचे. "ह्याच्या भ्यानं घरात जेवताना कुनी बोलत न्हवतं. फोटोत समदी देवमाणसं असत्यात, गुरुजी. मी घरच्यांना विचारून घेतो आनि भुवईत भरतो." कानाचा विषय अण्णांनीही काढायचा सोडला होता. त्याचं कारण मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात हिंदुराव गेले. मुलानं खोली रिकामी केली आणि अण्णांचं चित्र समितीच्या अध्यक्षांकडे पोचवलं. मला हे काल कळलं. असल्या गोष्टी मी मानत नाही, तरी लगेच फोन लावला. म्हटलं, "चित्र आहे तसंच द्या. हिंदुरावांची आठवण."

"तसंच कसं द्यायचं, राव?" अध्यक्ष खुशीत होते. "इचलकरंजीच्या पेंटरकडनं कान पुरा करून घेतला की! आत्ताच आलंय. गुरुजी नुसतं बोलायचं बाकी ऱ्हायल्यात."

मी फोन ठेवला. आतल्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभा राहून पुढच्या पानाची वाट बघू लागलो.