ज्याची त्याची बातमी

वर्तमानपत्राचे इतके हाल रोह्यात दुसऱ्या कुणी केले नसतील आणि त्यापायी इतकं प्रेमही कुणाला मिळालं नसेल, जितकं माझ्या ताईच्या सासऱ्यांना मिळालं. सकाळचा चहा झाला की आबा ओट्यावर शिवणाची कात्री घेऊन बसत आणि अख्ख्या अंकाच्या चिंध्या करत. मग ज्याची बातमी त्याच्या हातात. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या सुरेशला बोनसची. शेजारच्या खतीजाचाचींचा मुलगा कुवेतला. तिकडे लढाई पेटली तेव्हा चाचींना फक्त सुखरूप परतलेल्या माणसांच्या बातम्या मिळत. मासळीवाल्या जनाबाईला वाचता येत नसे, म्हणून तिची टोपली उतरवून घेऊन ते हवामान वाचून दाखवत. ब्लडप्रेशरवाल्या मास्तरांना क्रिकेट, तेही भारत जिंकला तरच. हरलो की मास्तरांच्या हिशेबी सामना झालेलाच नसे.

मी पेणचा, पत्रकं वाचत वाढलेला आणि आता स्वतःच पत्रकं काढणारा. जनतेने सगळं वाचलं पाहिजे, हे माझं ठाम मत.

"आबा, ही सेन्सॉरशिप आहे."

"असेल हो. पण सगळं वाचून माणूस करतो काय? पेपरची घडी घालतो."

माझा जळफळाट होई. माझ्या पत्रकांवर लोक भजी ठेवून खात आणि यांच्या चिठोऱ्यासाठी ओट्याखाली ताटकळत उभे राहत. मला तर त्यांनी कधी एक कात्रणही दिलं नाही. "तुम्हाला काय द्यायचं, तुम्ही सगळंच वाचता," म्हणत.

रोह्याला लागूनच्या वरसे गावाच्या रस्त्यावर दिवे हवेत म्हणून मी सभा ठरवली. आधीच्या सभेला मी आणि माइकवाला, दोघेच होतो. या वेळीही ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जावर सह्या झाल्या नसत्या, तर दिव्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं. मी चार पानी पत्रक लिहिलं. शोषणाच्या इतिहासापासून सुरुवात होती, त्यामुळे दिवा तिसऱ्या पानावर लागत होता. वाटण्यासाठी गठ्ठा ताईकडे ठेवला आणि सभेच्या दिवशी येऊन बघतो, तर आबांनी सगळा कापून वाटून टाकलेला.

"हे काय केलंत?"

"वाचण्याजोगं केलं."

सभेला वरशाची माणसं आली, धाटावची पाळी सुटलेले आले. सुरेशच्या खिशात स्कूटर घसरण्याचं वाक्य होतं, चाचींकडे क्लासहून अंधारात येणाऱ्या मुलींचं. जनाबाईने पहाटेच्या वाटेचं वाक्य पदराला बांधून आणलं होतं.

"आबांनी माजं छापून आणलंय, म्हणून आले," ती म्हणाली.

"जनाबाई, ते मी लिहिलंय."

"तू? नाय रं. तुजं मागं पोरानं वाचलं व्हतं. काय समाजलं नाय."

सगळे हसले. मग सगळ्यांनी सह्या केल्या, जनाबाईने अंगठा उठवला. मी माझ्याच यशस्वी सभेत कोपऱ्यात जळत उभा होतो.

निघताना आबांनी माझ्या खिशात एक घडी सरकवली. पत्रकाचं पहिलं पान, न कापलेलं. शोषण, अंधार, इतिहास, खाली माझं नाव.

"हे कुणाचं ते समजेना," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, तुमचंच असणार."

पेणपर्यंत एसटीत मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. आबांकडून पहिल्यांदाच मला काही मिळालं होतं, आणि त्यात शोधूनही एक माणूस सापडत नव्हता.