शिधा चालेल, शिजवलेलं नको

माझं पिठलं त्यांच्या खरकट्याच्या तपकिरी बिनमध्ये होतं. भाकऱ्यांसकट. झाकण अर्धवट उघडं होतं म्हणून दिसलं. मी दुसऱ्या दिवसाचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी. आत अख्खं घर कोविडनं झोपलेलं.

लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आम्हा मराठी घरांची डबा-साखळी होती. आजारी घराला बाकीच्यांनी पाळीपाळीनं डबा द्यायचा. ते बरे झाले की डबा भरून परत. रिकामा डबा परत करू नये, हे आपल्यात कोणाला सांगावं लागत नाही.

साखळी सांभाळणाऱ्या वहिनींना फोन केला. म्हणाल्या, "अगं, राग मानू नकोस. त्यांच्या सासूबाई आहेत ना घरात. तू आपला शिधा देत जा. डाळ, तांदूळ, भाजी. शिजवलेलं नको."

आठवडाभरापूर्वी दुकानाच्या रांगेत मी फोनवर बाबांना जयभीम म्हटलं होतं. वहिनी मागंच होत्या. तेव्हा गोड हसल्या होत्या. बाई गं, काय ते हसू!

आणि मी काय केलं? डाळ-तांदूळ नेऊन ठेवले. हो, ठेवले. नवरा विमानं बंद म्हणून नागपुरात अडकलेला, पदरात पाच वर्षांची लेक. उद्या मला काही झालं तर कोण? त्या भीतीपायी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

जानेवारीत मीच पडले. पाण्याला उठवेना. लेक उशाशी उभी. "ममी, आय'म स्टार्विंग." दारात साखळीचा डबा आला होता. डबा कसला, खाऊन फेकायचा प्लॅस्टिकचा खोका. बाकीच्यांना स्टीलचे डबे जायचे. माझ्याकडून भरून परत काही यायलाच नको, अशी सोय. मी ते खाल्लं. लेकीला भरवलं. तूप घातलेली खिचडी होती, चवीला चांगली होती. खाता खाता मी ढसाढसा रडले.

शेजारी डोक्याला पांढरा रुमाल बांधणारी एक म्हातारी राहायची. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. अमेरिकेहून येऊन वसलेली चार-पाच कुटुंबं होती त्यांची, एकमेकांना धरून राहायची. तिनं पातेलंभर सूप दाराशी ठेवलं आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "बरी झालीस की काय रांधशील? आमच्यात एक बाळंतीण आहे." त्यांच्यात ज्याला मदत मिळाली, त्याचं नाव मदत करणाऱ्यांच्या यादीत जातंच.

मी म्हटलं, "माझ्या हातचं चालेल?"

तिला प्रश्नच कळला नाही. "का? स्वयंपाक येत नाही तुला?"

देवमाणूस वगैरे नव्हती ती. तिच्या धर्मातलं मला निम्मं पटत नाही. पण बरी झाल्यावर त्या बाळंतिणीला मी वरण-भात नेला आणि तिनं तो माझ्यासमोर खाल्ला.

मग रथसप्तमीला झूमवर तिळगूळ झाला. वहिनी म्हणाल्या, "आपल्या साखळीनं ज्यांना सावरलं, ते आता दोन शब्द बोलतील." पहिलं नाव माझंच. मी म्यूट काढला.

"मी जयभीमवाली आहे. माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. आजपासून तुमच्या हातचं मला चालत नाही. माझं नाव काढून टाका."

एक भाऊ म्हणाले, "आवाज तुटतोय बहुतेक."

"तुटत नाहीये," मी म्हटलं. "नीट ऐकू येतंय तुम्हाला."

तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. नवरा फोनवर म्हणाला, "काहून भांडली तू? परका मुलूख आहे. जरा दमानं घे."

दमानंच घेत आलो की आपण. आजोबांनी घेतलं, बाबांनी घेतलं, शिधा नेऊन ठेवला तेव्हा मीही घेतलं.

भीती गेलेली नाही. परत ताप आला तर या गावात एकही मराठी दार मला उघडं नाही. तरी त्यांच्या दारात जाणार नाही. आणि लेकीला शिकवायला घेतलंय: ज्या घरात तुझ्या हातचं खात नाहीत, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ती लहान आहे, तिला अजून कळत नाही. कळेपर्यंत सांगत राहीन.