अर्ध्या गोष्टीच्या दातवाल्या बाई

आमच्या दातवाल्या बाई मुलांना गोष्ट नेहमी अर्धीच सांगत. खुर्चीत बसलेल्या पोराच्या गालात कापूस कोंबला की त्या सुरू करत, आणि काम संपलं की गोष्ट असेल तिथे तोडत. "उरलेली सहा महिन्यांनी. दाढा दाखवायला येशील तेव्हा." पोरगं रडकुंडीला येई. दात काढल्यावर रडणारी मुलं सगळ्यांनीच पाहिली असतील. काही न दुखता, गोष्ट राहिली म्हणून दवाखान्यात भोकाड पसरणारी मुलं मी फक्त बाईंकडे पाहिली.

सोलापुरात कन्ना चौकामागच्या गल्लीत खाली दवाखाना आणि वरच्या खोलीत बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट. बाई मूळच्या अक्कलकोटच्या, त्यामुळे चिडल्या की मराठीतून कानडीत शिरत. चिडत मात्र एकाच कारणावरून. दाढ पार पोखरून झाल्यावर पोराला घेऊन येणारे आईबाप दिसले, की त्यांचा पारा चढे.

त्यांचा सगळा जीव न किडलेल्या दाढेत होता. दाढेच्या माथ्यावर बारीक खाचा असतात. ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत, आणि आपल्या ताटात तर रोज शेंगाची चटणी. ती खाचेत बसली की बसलीच. बाई या खाचा सीलंटच्या लेपाने बुजवून टाकत. आधी दाढ घासायची, मग आंबट औषध, धुणं, वाळवणं, शेवटी पातळसा थेंब आणि त्यावर निळा दिवा. सुई नाही, कोरणं नाही. अट एकच, दाढ कोरडी राहिली पाहिजे. थुंकी लागली की पहिल्यापासून सगळं पुन्हा. म्हणून कापूस, म्हणून "जीभ आत, गप्प," आणि म्हणूनच गोष्ट.

काम झालं की डब्यातून कडक भाकरीचा तुकडा निघे. "वाजव," बाई म्हणत. कुडकुड आवाज आला की पुढचा प्रश्न ठरलेला, "दुखतंय कुठे?" पोरगं मान हलवून नाही म्हणे. "मग पळ."

मोठ्या माणसांना मात्र हे सगळं थोतांड वाटे. एकदा माझ्यासमोर मोडनिंबहून पोरीला घेऊन आलेली एक आई त्यांच्याशी वाद घालत होती. "दुधाचा दात हाय की बाई. पडनारच हाय. त्येला कशाला लेप?"

"कुठला दात पडला म्हणून ही दाढ आली, सांग बघू," बाई म्हणाल्या.

आईने वाकून पोरीच्या तोंडात पाहिलं. "कुटलाच न्हाय."

"मग? ही सहाव्या वर्षाची दाढ. कुणाच्या जागेवर आलेली नाही, मागे गुपचूप उगवली आहे. म्हणून घरात कुणी तिला ओळखत नाही. ही गेली की दुसरी नाही यायची."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाय की," ती म्हणाली, आणि तिने पोरीला खुर्चीत बसवलं.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेत होते. आई-वडील गेल्यावर तिथे परत जावं असं कुणी उरलं नाही, आणि सोलापुरात कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, एक भाड्याची खोली, एवढाच माझा पसारा. एक दाढ ठणकायला लागली म्हणून बाईंकडे गेले. त्यांनी ती दाढ भरली आणि आरसा तोंडात फिरवून म्हणाल्या, "बाकीच्या चांगल्या आहेत, पण खाचा खोल आहेत. बुजवून घे."

"ते लहान मुलांचं ना?"

"खाच वय विचारत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासारख्या चाळिशीला आलेल्या बाईच्या गालात कापूस कोंबून त्यांनी मलाही गोष्ट सुरू केली.

गोष्ट सगळ्यांना एकच असे. सांगोल्याकडच्या माळावर एका धनगराच्या पोरीचं कोकरू हरवतं. कोकराच्या गळ्यात घुंगरू. त्या आवाजामागे ती पोर निघते. बाभळीखाली बसलेला म्हातारा सांगतो, आत्ताच इकडनं गेलं. ती पुढे जाते. विहिरीवर पाणी भरणारी बाई सांगते, आत्ताच तिकडं गेलं. बहुतेक मुलांची गोष्ट विहिरीपाशीच तुटलेली.

कारण सहा महिन्यांनी येतंय कोण? दाढ दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला? बाई स्वतः घरोघर फोन करत. सीलंटचा कोपरा कधी उडतो, बघून घ्यावं लागतं, हे खरंच होतं. पण तेवढ्यासाठी त्या फोन करत नव्हत्या, हे मला त्यांचा चेहरा पाहून कळे. मोडनिंबच्या त्या आईलाही त्यांनी फोन लावला. पलीकडचा मोठा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "दुकत न्हाय बगा अजिबात. लई चांगलं काम केलं तुमी. आता कशाला यायचं?" मागावर काम करणाऱ्या घरातली आजी तेलुगूत "नोप्पी लेदु" म्हणे, पलीकडच्या मोहल्ल्यातली अम्मा "दर्दच नई तो काय कू आना" म्हणे. दुखत नाही, हे बाईंनी सोलापूरच्या सगळ्या भाषांत ऐकलं. फोन ठेवून त्या म्हणत, "बघ, कौतुकच करतात." मग तो भाकरीचा डबा उगाच उघडून पुन्हा बंद करत.

मी मात्र इमानेइतबारे जात राहिले. दाढांची मला एवढी काळजी नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही तारखेची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई माझ्या दाढा तपासत, "लेप जागेवर आहे," म्हणत आणि गोष्ट एक पाऊल पुढे नेत. विहिरीनंतर मेंढरांचा बाजार आला, मग मृग नक्षत्रातला ओढा, मग उसाच्या गाड्यांची लांबलचक रांग. बाई वेळ मारून नेत आहेत हे मला कळत होतं. मलाही शेवट नको होता. गोष्ट झाली की वर जाऊन चहा. चहाला त्यांनी नेहमी दोन कप काढून ठेवलेले असत. मी येणार नाही त्या दिवशीही तसेच असावेत, असं मला वाटे. विचारायचं धाडस झालं नाही.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, जाड चष्मा आला, पण बारीक काम जमेना. "खाच दिसेनाशी झाली की थांबायचं," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. हुबळीचा भाचा न्यायला येणार होता. तिथेच त्या गेल्या वर्षी वारल्या. मला आठवतो तो त्यांचा दवाखान्यातला शेवटचा दिवस. दवाखान्यातली खुर्ची विकत घेणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. बाईंनीच फोन करून मला बोलावलं.

माझ्या एका दाढेच्या सीलंटचा कोपरा उडाला होता. "दुसऱ्या कुणाला हात लावला नसता," चष्म्यावर भिंग चढवत त्या म्हणाल्या, "तुझ्या दाढा मला पाठ आहेत." कापूस आत गेला. आंबट चव आली. आणि बाई म्हणाल्या, "तर ती पोर उसाच्या गाड्यांच्या रांगेपलीकडे पोचली. तिथे घुंगरू वाजायचं थांबलं."

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्या आज शेवट सांगणार. मला सांगायचं होतं, बाई, राहू दे, हुबळीला येईन मी, तिथे सांगा. पण गालात कापूस, जीभ आत, आणि दाढ कोरडी ठेवायची.

"पोर दमली. हिंडून हिंडून घरी परत आली. बघते तर कोकरू दारात. ते पहिल्याच दिवशी आपलं आपण घरी आलं होतं. आईने त्याला पाला घातला, बापाने पाणी दिलं. छान चाललं होतं त्याचं. घुंगरू वाजवत पोरीचीच वाट बघत होतं." बाईंनी निळा दिवा धरला. "झालं. संपली."

दिवा विझला, कापूस निघाला. डब्यात भाकरीचा एकच तुकडा होता. "वाजव," त्या म्हणाल्या. मी वाजवला.

"दुखतंय कुठे?"

इतकी वर्षं या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, मीसुद्धा.

"हो," मी म्हणाले.

कुठे, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी खुर्चीवरचा मोठा दिवा पुन्हा खाली ओढला, आरसा उचलला आणि माझ्या सगळ्या दाढा पहिल्यापासून, सावकाश, तपासायला घेतल्या.