ओल्या भिंतीची तक्रार

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे 'मुद्दा' म्हणतात. जेवायला हाक मारली तरी "ताई, मुद्दा भुकेचा नाहीये," असं उत्तर देणारी ही मुलगी तत्त्वज्ञानाकडे जाणार, हे आईने ती सातवीत असतानाच ओळखलं होतं. गेली सहा वर्षं ती पीएचडी करते आहे आणि मी नोकरी सांभाळून तिचे मुद्दे ऐकते आहे.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी तिने कलाविभागातल्या एका विद्यार्थिनीशी जोडी जमवली. ही चित्रकारही हिच्याइतकीच हट्टी. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतली एक रिकामी खोली त्यांना मिळाली. तिथल्या राखाडी भिंतीवर चित्रकार रोज सकाळी दहाला जाड ब्रशने, नुसत्या पाण्याने, एक चेहरा काढायची. तासाभरात तो वाळून नाहीसा व्हायचा. असं नऊ दिवस. चित्र उरलं नाही तरी ते झालेलं असतं, हा आमच्या बाईसाहेबांचा सिद्धांत.

फोटो काढले तर चित्र उरणार, म्हणून दारावर 'फोटो काढू नयेत' अशी पाटी. अभिप्रायाची वही ठेवली तर लोक सही करायला येतात, बघायला नाही, म्हणून वहीही नाही. बघायला एकूण अकरा माणसं आली. त्यांत आई, मी आणि चित्रकाराच्या घरचे चौघे. बाकीचे कोण कुठले, देव जाणे.

मग प्रबंध तपासणाऱ्या समितीचं पत्र आलं. प्रयोग खरोखर झाल्याचा त्रयस्थ पुरावा शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर प्रकरण ग्राह्य धरता येणार नाही. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. म्हणजे सगळी मेहनत वाया.

"पुरावा नसणं हाच तर मुद्दा आहे," ती म्हणाली.

"तो समितीला सांग!" मी ओरडले. "एक फोटो काढला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

ती भांडली नाही. मुद्दा गप्प बसलेली मी आयुष्यात दोनदाच पाहिली आहे, आणि पहिल्यांदा तिला गोवर झाला होता.

बुधवारी खोलीची किल्ली परत करायला मी तिच्यासोबत गेले. इमारतीच्या कार्यालयातल्या कारकुनाने किल्लीवरचा नंबर वाचला आणि तो खवळलाच.

"ती ओल्या भिंतीची खोली तुमच्याकडे होती? प्लंबरने तीन चकरा मारल्या हो! गळती काही सापडेना!" असं म्हणून त्याने आमच्यापुढे एक फाइल आपटली.

आत नऊ तक्रारी होत्या. साफसफाई करणाऱ्या मावशींनी लिहिलेल्या, तारीख-वेळेसकट, प्रत्येकीवर कार्यालयाचा शिक्का. माणसं पांगली की मुद्दा आणि चित्रकार वाद घालायला कँटीनमध्ये जायच्या आणि मावशी नेमक्या तेव्हाच झाडायला यायच्या.

'पावणेअकरा. मोठ्या भिंतीवर ओल. माणसाच्या तोंडासारखी दिसते.' दुसऱ्या दिवशी: 'पुन्हा ओल. आज म्हातारा. पुसायला गेले तर पसरली.' नंतर एकदा: 'आज बाई. एक डोळा वाळला.' मध्येच प्लंबरचा शेरा: 'इथे पाइप नाही. पाणी कुठून येते समजत नाही.' आणि नवव्या दिवशी: 'आज लहान मुलगी. पुसली नाही. वाळेपर्यंत उभी राहिले.'

मुद्दा तिथेच रडायला लागली. कारकून बिचारा घाबरला. "अहो, दंड नाही लावत आहोत," असं म्हणत त्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

आम्ही मावशींना शोधून काढलं आणि त्यांच्या तक्रारी समितीपुढे ठेवायची परवानगी मागितली. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे गळती नव्हतीच? अगं पोरींनो, सांगायचं तरी! मग तक्रार मागे घेऊ का?"

"नको, मावशी!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

शुक्रवारी समितीने शिक्के मारलेल्या तक्रारींच्या प्रती ठेवून घेतल्या. संध्याकाळी मार्गदर्शक बाईंचा फोन आला. प्रकरण मान्य, प्रबंधही पुढे गेला. मुद्दाने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "पण बाई, मावशींना ती गळती वाटली, तेव्हा ते चित्र होतं का? नवव्या दिवशीच झालं का? यावर अजून एक प्रकरण..."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला, बाईंचे आभार मानले आणि बंद केला. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.